टेकडी आणि सहा जागा

१२ जून

भावोजी,

पत्र ऑफिसच्या पाकिटात आलं म्हणून दचकू नका. तुमच्या टेकडीवर फोनला रेंज नाही आणि वनखात्याची थैली तुमच्या चौकीवर टपालाच्या आधी पोचते, म्हणून ही चोरी करतेय.

इकडे सगळं होतं तसंच. तुमच्या दादांचा उजवा हात उशीवर ठेवला की तिथेच राहतो. बोलणं दोन-चार शब्दांपलीकडे गेलेलं नाही. दिवसा सांभाळायला येणाऱ्या मावशी मनाने चांगल्या आहेत, पण ज्याला बोलता येत नाही त्याला ऐकूही येत नसणार असा त्यांचा समज आहे. त्या सगळं ओरडून सांगतात आणि हे डाव्या हाताने कान झाकून घेतात. मला हसू येतं, आणि मग मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आवरत बसते.

आता कामाचं. मोठ्या जनावरांसाठी जंगलं राखून झाली, पक्ष्यांसाठी तळी राखून झाली. आता वरच्या कुणाला तरी बेडूक, पाली आणि साप आठवले आहेत. त्यांच्यासाठी सहा जागा राखायच्या. सहाच, सातवीचं नाव काढायचं नाही असं बजावलंय. सगळ्या मुलखाचा नकाशा चौकोनांत कापला आहे. कुठल्या चौकोनात काय सापडलं ते कॉम्प्युटरला भरवायचं काम माझ्या गळ्यात पडलं आहे, आणि सहा चौकोन तो निवडून देणार आहे.

दगडाच्या खाणीवाल्यांनी टेकडी मागितली आहे हे तुमच्या कानावर आलं असेलच. टेकडी सहात आली तर त्यांचा अर्ज फेटाळला जाईल. नाही आली तर टेकडी जाईल. मधलं काही नाही.

आज तरी ती पहिल्या नंबरावर आहे, तेव्हा जेवण सोडू नका. पाच प्राणी असे आहेत, जे टेकडीशिवाय कुठेही सापडल्याची नोंद नाही. पण साहेब म्हणाले, "बाई, दोघे भाऊ जन्मभर टेकडीवर ठाण मांडून बसले, म्हणून सगळं टेकडीवर सापडलं. बाकीचे चौकोन कोरे आहेत ते तिथे काही नाही म्हणून, की तिथे कोणी गेलंच नाही म्हणून?" पाहणी करणारी माणसं खात्यात आता उरली आहेत कुठे? तुमच्याच नावाने हुकूम निघतोय. इतर चौकोन पाहून यायचे.

गुडघ्याला पट्टा बांधत जा.

तुमची वहिनी

२८ जून

वहिनी,

हुकूम मिळाला, जीपही मिळाली. जीपचं एक दार दोरीने बांधलेलं आहे आणि ड्रायव्हर सापाला भितो. मी नुसती रिकामी बरणी उघडली तरी तो बॉनेटवर चढतो. साहेबांनी माणूस बघून दिलेला दिसतो.

टेकडी पहिली आली हे वाचून फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? जन्मभर आम्ही दोघे भाऊ बेडकांच्या मागे लागलो म्हणून लोकांनी दात काढले. आता कॉम्प्युटरच म्हणतोय म्हटल्यावर बोलतील कशाला! खाणवाल्यांची पांढरी गाडी परवा पायथ्याशी येऊन उभी होती. मी वरून हात केला. त्यांनीही केला. येऊ देत, म्हटलं, चार दिवस हवा खातील आणि जातील.

आता मुख्य बातमी. आधी दादाला सांगा, मग पुढचं वाचा. कालव्याच्या बाजूच्या चौकोनात गेलो होतो. तिथे बंद पडलेलं एक पंपघर आहे. भिंतीला हात लावला तर पोपडा निघून आला, आणि मागे कोण असावं? आपली पट्ट्यांची पाल! टेकडीच्या कातळाशिवाय ही कुठे जगूच शकत नाही असं दादा छातीठोकपणे सांगायचा. इथे बाईसाहेब घरमालकिणीसारख्या बसलेल्या. बाजूला अंडीसुद्धा चिकटवलेली. मी ड्रायव्हरला मिठी मारली, तो आणखीच घाबरला.

फोटो सोबत आहे. दादाच्या डोळ्यांसमोर नीट धरा, चष्मा लावून. आणि तो काय म्हणाला ते कळवा. काही म्हणाला नाही तर चेहरा कसा झाला ते कळवा.

धाकटा

९ जुलै

भावोजी,

फोटो दाखवला. हे खूप वेळ बघत राहिले, मग डाव्या बाजूने हसले. डोळ्यांतून पाणीही आलं, पण हल्ली ते दूध पितानाही येतं, त्यामुळे त्यातलं तुमच्या पालीचं किती ते मला सांगता येणार नाही.

आता जे सांगायचं ते लिहायला हात धजत नाही. मागच्या पत्रातच लिहायला हवं होतं.

तुम्हाला वाटतं की जिथे जास्त प्राणी ती जागा निवडली जाते. तसं नाही. एकाच बॅगेत प्रवासाचं सामान भरताना आपण तीन टॉवेल घेत नाही. एक टॉवेल, एक साबण, एक सदरा, असं करत सगळं एकेकदा आत बसवतो. हा कॉम्प्युटरही तसंच करतो. प्रत्येक प्राणी सहापैकी कुठल्या तरी एका जागेत आला की त्याचं भागलं. टेकडी पहिली आहे ती तिथे भरपूर प्राणी आहेत म्हणून नव्हे, तर ते पाच दुसरीकडे कुठेच नाहीत म्हणून.

आता त्या पाचांचे चार झाले.

कालव्याचा चौकोन फक्त तिथेच मिळणाऱ्या एका बेडकामुळे सहात येणारच होता. पट्ट्यांची पाल तिथे मिळाली म्हटल्यावर तिच्यासाठी टेकडीची गरज उरली नाही. मी नोंद भरली. साहेब खूश झाले, म्हणाले, "बघा, गेल्याशिवाय कळतं का?" त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही, आणि त्याचाच जास्त राग येतो.

हुकूम आहे म्हणून हिंडताय हे कळतं. पण एवढ्या आनंदाने नका हो पत्रं लिहू. मला ती ह्यांना वाचून दाखवावी लागतात.

तुमची वहिनी

२ ऑगस्ट

वहिनी,

तुमचं पत्र वाचून आठवडाभर कुणाला काही लिहिलं नाही. रागावलो होतो. तुमच्यावर नाही, पण समोर तुम्हीच होतात.

म्हणजे मी जितके डोळे उघडे ठेवून हिंडेन तितका टेकडीचा पाय खोलात! आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायला सरकारने मला जीप दिली, वर ड्रायव्हर दिला. बाकी काही नाही तरी थट्टा पहिल्या प्रतीची आहे.

तरी ऐका. धरणाखालच्या चौकोनात दगड उलटताना पिवळ्या पोटाची सापसुरळी मिळाली. दोन मिळाल्या. पुढच्या आठवड्यात नदीकाठी गेलो. तिथल्या वाळूत कासवाची अंडी आहेत. असलं कासव या भागात आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. आणि तिथेच, बुंध्याच्या ढोलीत, आपला छोटा झाडबेडूक. आवाज ऐकला तेव्हा मी ड्रायव्हरला म्हणालो, "चल, निघू या, काही नाही इथे." तो म्हणाला, "साहेब, ते काय ओरडतंय मग?" ज्याला पालीची किळस येते त्याला बरोबर त्या दिवशी कान आले. मग गेलो, बघितला, लिहून घेतला. फोटो सोबत आहेत.

तुमचा हिशेब तुम्ही करा. माझ्या हिशेबाने आता दोन उरले.

एक विचारतो. टेकडीवर जेवढे प्रकार आहेत तेवढे कुठल्याच चौकोनात नाहीत. एका फेरीत खरखरीत अंगाचे भेक, बेडूक, सरडे, वाळा साप, घोरपड, सगळे भेटतात, एकमेकांना खातात, एकाच पाण्यावर जगतात. हे सगळं एका ठिकाणी असण्याला त्या कॉम्प्युटरच्या लेखी काहीच किंमत नाही का? त्याला कोणी सांगू शकतं का? तुम्ही रोज त्याच्यासमोर बसता, म्हणून विचारलं.

मी दमलोय, वहिनी. चढताना दम लागतो त्याची सवय आहे. आता खाली उतरून आल्यावरही लागतो.

धाकटा

२० ऑगस्ट

भावोजी,

तुमचं पत्र घेऊन सरळ साहेबांच्या खोलीत गेले. मी इतक्या वर्षांत तिथे आवाज चढवला नव्हता. म्हटलं, "साहेब, सहा ठिकाणी एकेक तुकडा ठेवून काय उपयोग? सगळे एकत्र नांदतात अशी एक तरी जागा ठेवा."

साहेबांनी पंखा कमी केला. म्हणाले, "बाई, मला टेकडी नको आहे असं वाटतं का तुम्हाला? मला अशा बारा जागा हव्यात. मला सहा मिळाल्यात. उद्या टेकडीचे सगळे प्राणी दुसरीकडे मिळाले आणि तरी ती ठेवली, तर सहातली एक काढावी लागेल, आणि त्या जागेतला प्राणी जगातून जाईल. कुठली काढू? तुम्ही बोट ठेवा, मी सही करतो." आणि त्यांनी नकाशा माझ्यापुढे सरकवला.

मी बोट ठेवू शकले नाही. बाहेर येऊन जिन्यात बसून राहिले. शिपाई पाणी घेऊन आला, त्याला वाटलं घरी काही झालं.

तुम्ही दोन म्हणालात, पण आता एकच उरला आहे. झाडीतला तो तांबूस बेडूक एका कॉलेजच्या मुलांनी सहातल्याच दुसऱ्या चौकोनात पाहिल्याचं कळवलं आणि फोटो खरा निघाला. उरलं ते देवगांडूळ. गांडुळासारखं दिसणारं, मातीत राहणारं, बेडकाच्या नात्यातलं. साहेबांना मी दोनदा समजावलं, तरी ते त्याला गांडूळच म्हणतात. ते टेकडीच्या झऱ्याखेरीज कुठेही नाही. एक पुरेसं आहे, भावोजी. एकाच्या जोरावर टेकडी सहात आहे. आज सकाळी पुन्हा चालवून बघितलं, सहावी का होईना, आहे.

बघायचा एकच चौकोन राहिला आहे, वीटभट्टीच्या मागचा. तिकडचा रस्ता अगदी वाहून गेला आहे असं मी ऐकते. तुमचा गुडघा तसा, जीप तशी. उगाच जिवाचे हाल करून घेऊ नका. "रस्ता बंद, पाहणी झाली नाही" एवढं कळवलंत तरी चालतं. यादी तीस सप्टेंबरला बंद होते.

मी काय म्हणते ते लक्षात आलं असेल.

तुमची वहिनी

३ सप्टेंबर

वहिनी,

माझ्या गुडघ्याची एवढी काळजी आईनंतर तुम्हीच केलीत. रस्त्याचं कळलं. विचार करतो.

खाणवाले वर येऊन गेले. आता हात करण्यापुरतं राहिलं नाही, चौकीत बसून चहा घेतला. त्यांचा मोजणीवाला चांगला माणूस आहे. बूट बाहेर काढून आत आला. भिंतीवरचा दादाचा फोटो बघून, "हे कोण?" विचारलं. सांगितलं. म्हणाला, "माझे वडीलही असेच पडून आहेत." मग दोघांनी औषधांविषयी बोलून घेतलं. अशा माणसाशी भांडायचं कसं, हे मला या वयातही कळलेलं नाही.

झऱ्याशी एकदा जाऊन आलो. माती हलक्या हाताने बाजूला केली, तर देवगांडूळ होतं जागेवर. जांभळट, ओलं, अंगावर कडी. परत झाकून ठेवलं. त्याला कुठे ठाऊक आहे की त्याच्या एकट्याच्या पाठीवर सबंध टेकडी उभी आहे.

एक काम होतं. मोठी रजा मागावी म्हणतो. अर्ज खात्यामार्फत पाठवला तर सहा टेबलं फिरतो. साहेबांच्या हातात थेट पडेल असा त्यांचा पत्ता कळवाल का?

धाकटा

१४ सप्टेंबर

भावोजी,

साहेबांचा पत्ता चिठ्ठीवर लिहून आत ठेवला आहे. रजा घ्याच. कधीची घ्यायला हवी होती तुम्ही.

तुमचं पत्र वाचून जिवात जीव आला. ते शेवटचं वाक्य लिहिल्यापासून मला लाज वाटत होती, तुम्ही काय म्हणाल म्हणून. तुम्ही समजून घेतलंत.

आता मनातलं सगळंच सांगते. मी ठरवलं आहे. तीस तारखेपर्यंत तुमच्याकडून काहीही आलं तरी ते माझ्या ड्रॉवरमध्ये जाईल. पाकीट फोडणारसुद्धा नाही. कॉम्प्युटरपुढे बसणारी मी एकटीच आहे आणि मला विचारणारं कोणी नाही. इतकी वर्षं एक आकडा इकडचा तिकडे केला नाही मी. साहेब माझं उदाहरण नव्या मुलींना देतात. देत राहू देत.

का ते सांगू? ह्यांच्या तोंडी जे शब्द उरले आहेत त्यात एक आहे "चल". दिवसातून कितीदा म्हणतात. खिडकीकडे बघून म्हणतात, माझा हात धरून म्हणतात. कुठे ते मी विचारत नाही, मला ठाऊक आहे. नेता येणार नाही हेही ठाऊक आहे. पण जिथे जायचं आहे ती जागा तरी असू दे ना. ती नाही असं मी त्यांना सांगू शकणार नाही. इतकी वर्षं मी या माणसाला कसलीच वाईट बातमी लपवलेली नाही, आणि आता लपवण्याइतकी ताकदही माझ्यात उरलेली नाही.

थकले आहे मी. चांगलं वागण्यालाही अंगात त्राण लागतं.

तुमची वहिनी

१९ सप्टेंबर

वहिनी,

तुमचं चौदाचं पत्र मिळालं तेव्हा मी साहेबांना धाडलेलं पाकीट टपालात पडून दोन दिवस झाले होते. रजेचा अर्ज नव्हता तो. पत्ता मागितला तेव्हा भट्टीमागे गेलोही नव्हतो, पण काही निघालंच तर ते तुमच्या टेबलावर नको असं वाटत होतं. पत्त्यासाठी मी थांबलोही नाही. ड्रायव्हरला साहेबांचं घर ठाऊक निघालं. तुमच्याशी खोटं बोललो, तेवढं पोटात घाला.

रस्ता वाहून गेला म्हणालात तेव्हाच मला कळलं होतं. वीटभट्टीकडे दिवसाकाठी वीस ट्रक जातात, तो रस्ता टेकडीच्या रस्त्यापेक्षा चांगला आहे. तुम्हाला खोटं नीट बोलता येत नाही, आणि दादा तुमच्यावर भाळला त्याचं ते एक कारण आहे.

जागा अगदी रद्दी आहे. भट्टीची राख, मागे दलदल, दलदलीत तुटक्या विटा आणि गाळ. वास असा की ड्रायव्हर काच वर करून बसला. तिकडे माती संपली की भट्टीवाले इकडची खणतात, म्हणजे वर्षा-दोन वर्षांत दलदलही विटा होऊन जाणार. मी मनाशी ठरवून गेलो होतो की वर वर बघायचं. काठाने चालायचं, "काही नाही" म्हणायचं, परतायचं. तुमचं मन मोडायचं नव्हतं आणि माझं तर त्याहून नव्हतं.

पण काठाला एक बेडूक बसला होता, वहिनी. मी त्याच्याकडे बघितलं आणि त्याने माझ्याकडे बघितलं, आणि मला तो ओळखता येईना. मला! पाठीवर खडबडीत हिरवा पट्टा, डोळ्याभोवती तांबडं कडं. असा बेडूक मी पाहिलेला नाही, दादाने नाही, कोणी नाही. तो त्या घाणीत राहतो आणि दुसरीकडे कुठेही राहत नाही. मी चिखलात बसलो. गुडघा वाकत नाही, तरी बसलो. तो कशाच्या आधाराने राहतो हे बघायला काठाची माती खणली, आणि कुदळीच्या टोकाशी देवगांडूळ. मादी. अंड्यांच्या पुंजक्याभोवती वेटोळं करून पडलेली. मी हात जवळ नेला तरी ती हलली नाही.

मनात म्हणालो, संपलं.

तुम्ही मला बॅगेचं समजावलंत, आता मी तुम्हाला सांगतो. बेडूक कळवला तर भट्टीमागची जागा सहात येणार, आणि देवगांडूळही तिच्याबरोबर आपोआप आलं. टेकडीचं काम राहिलं नाही. बेडूक कळवायचा आणि देवगांडूळ गिळायचं, असाही विचार केला. मग टेकडीही राहते, भट्टीही राहते, आणि सातवीला जागा नसल्यामुळे नदीकाठ बाहेर पडतो. कासवाची अंडी मीच बघून आलोय तिथे. आणि काहीच कळवलं नाही तर त्या तांबड्या डोळ्यांच्या विटा होतात. साहेबांनी तुमच्यापुढे नकाशा सरकवला होता, तसा तो माझ्यापुढेही सरकला. मी तरी बोट कुठे ठेवू?

तुमच्याकडे पाठवलं असतं तर तुम्ही ड्रॉवरमध्ये ठेवलं असतं, आणि मग जन्मभर त्या ड्रॉवरशेजारी बसला असतात. ते मला नको होतं. म्हणून थेट साहेबांकडे.

दादाला कसं सांगायचं ते मला सुचत नाही. त्याच्या जागी मी पडून असतो आणि तो भट्टीमागे गेला असता, तर त्यानेही हेच केलं असतं असं मी स्वतःला सांगतो. खरं असेल. नक्की माहीत नाही.

धाकटा

८ ऑक्टोबर

भावोजी,

तुमच्यावर इतकी चिडले आहे की तीन पत्रं लिहून फाडली.

साहेबांनी मला बोलावलं. तुमचा फोटो टेबलावर होता, त्या बेडकाचा. त्यांचे डोळे चमकत होते. म्हणाले, "बाई, तुमचे दीर म्हणजे सोनं आहेत सोनं." आणि मग त्यांनाच एकदम टेकडी आठवली. खुर्चीतून उठून त्यांनी मला दार उघडून दिलं. असं त्यांनी कधी केलेलं नाही.

नोंद मी भरली. माझ्याच हाताने भरली, कारण दुसरं कोणी नव्हतं. चालवलं. सहा चौकोन आले. काही सेकंद लागतात त्याला.

यादी जाहीर झाली. टेकडी त्यात नाही.

तुम्ही मला वाचवलंत असं तुम्हाला वाटतं. मी मागितलं होतं का? मला ते ओझं चाललं असतं. ह्यांना उचलून कुशीवर वळवते मी रोज, मला ओझ्याचं काय सांगता? एकदा, आयुष्यात एकदा, मला वाईट वागायचं होतं, आणि तुम्ही तेवढंही करू दिलं नाहीत.

हे लिहून झाल्यावर थोडं बरं वाटलं. आता खरं सांगते. बेडकाचा फोटो मी घरी आणला. ह्यांना दाखवला नाही अजून. उशाच्या कपाटात ठेवला आहे. तुमचं एकोणीसचं पत्र त्यांना वाचून दाखवलं, पण वाचता वाचता मी दुसरंच वाचत गेले. तुम्ही टेकडीवर आहात, झऱ्याला पाणी आहे, गुडघा बरा आहे. त्यांनी मान हलवली. मी म्हटलं होतं ना, लपवण्याइतकी ताकद नाही. तेवढी निघाली.

तुमच्यावरचा राग जाईल. मला माहीत आहे तो कसा जातो, हळूहळू जातो. पण लगेच पत्राची वाट बघू नका.

तुमची वहिनी

३० ऑक्टोबर

वहिनी,

उत्तराची वाट बघू नका म्हणालात, म्हणून मीच लिहितो. रागवायचं तेवढं रागवा. माझा तुमच्यावर काही राग नाही आणि असता तरी तो दाखवायला अंगात जोर नाही.

खाणीची परवानगी सुटायला एक दाखला लागतो. टेकडीवर आढळणारा प्रत्येक प्राणी राखलेल्या सहा जागांपैकी कुठे ना कुठे आढळतो, सबब हरकत नाही, असा. तो खात्याच्या पाहणी करणाऱ्याने द्यायचा असतो. पाहणी करणारा सगळ्या खात्यात एकच उरला आहे. तुम्हीच पहिल्या पत्रात लिहिलं होतंत.

मोजणीवाला स्वतः घेऊन आला. बूट काढून आत आला. कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "तुम्ही सावकाश द्या, मी उद्याही येईन." मी म्हटलं, बसा. एकेक प्राण्यापुढे खूण करायची होती. पट्ट्यांची पाल, कालव्याकाठी. सापसुरळी, धरणाखाली. झाडबेडूक, नदीकाठी. तांबूस बेडूक, कॉलेजच्या मुलांनी कळवला तिथे. देवगांडूळ, भट्टीमागे. कुठेही अडलो नाही. तो तांबूस बेडूक सोडला तर सगळीकडे मीच गेलो होतो, सगळं माझ्याच डोळ्यांनी बघितलं होतं. एक ओळ जरी खोटी असती तरी मी कागद फाडून त्याच्या हातात दिला असता. एकही नव्हती.

सही केली. त्याने कागदाची घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाला, "तुमची चौकी शेवटी पाडू, घाई नाही." मी त्याला चहा विचारला, तर नको म्हणाला.

तो गेल्यावर मी झऱ्याकडे गेलो नाही. बाहेर पायरीवर बसलो आणि रडलो, वहिनी, लहान पोरासारखा. दादाला झटका आला तेव्हाही इतका रडलो नव्हतो. इथलं प्रत्येक जनावर दुसरीकडे कुठे ना कुठे राहतं, हे मी लिहून दिलं आहे. पण त्या कागदावर माझं घर कुठे विचारलं असतं, तर मला टेकडीशिवाय दुसरं काही लिहिता आलं नसतं.

तुमच्याकडे येऊ का? दादाच्या खोलीत खाली गादी टाकली तरी पुरे. उचलून कुशीवर वळवायला दोघं असलेली बरी, आणि मावशींना त्याला ऐकू येतं हे मी नीट समजावून सांगेन. त्याला टेकडीचं मीच सांगतो. तुम्ही त्या वेळी खोलीत थांबलात तर बरं होईल, एकट्याने मला जमणार नाही.

येताना कपडे आणि दोन पेट्या एवढंच सामान आहे. दादाला सध्या काय खायला चालतं ते कळवा, म्हणजे वाटेत घेता येईल.

धाकटा